वस्तू जिथे ‘नाही’ म्हणते

‘खासगी क्लासेसचे पेव फुटले आहे’ हे वाक्य मराठी वर्तमानपत्रांत वरचेवर भेटते, पण पेव डोळ्यांनी पाहिलेला वाचक आता विरळा. घट्ट, कोरड्या जमिनीत खणलेला, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असा खड्डा. आतून सारवलेला, कडेने गवत किंवा कडबा लावलेला. ज्वारी भरून झाली की तोंडावर दगड आणि दगडावर मातीचे लिंपण. सांगलीजवळ हरिपूरला अशाच पेवांत हळद साठवत, आणि कृष्णेच्या 2005 च्या महापुराने त्यांतल्या पुष्कळ पेवांची वाट लावली. हे पेव संग्रहालयात मांडायचे कसे? खड्डा उचलून आणता येत नाही. फार तर एक छायाचित्र, उभा छेद दाखवणारी आकृती आणि खाली ‘धान्य साठवण्याचे पेव’ अशी पाटी. पाटीत खोटे काही नसते, पण पेवाबद्दल जे माहीत असणे आवश्यक होते ते पाटीबाहेरच राहते. पेव उघडल्याबरोबर आत उतरायचे नाही. तोंड मोकळे ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. मग कंदील सोडून पाहायचा. कंदील विझला, तर मागून उतरणारा माणूसही जिवानिशी जाईल.

याच खड्ड्याने इंग्लंडमधल्या पुरातत्त्वज्ञांना बराच काळ चकवले होते. तिथल्या लोहयुगीन वस्त्यांच्या उत्खननांत असे खड्डे शेकड्यांनी सापडतात. सुरुवातीच्या संशोधकांना ती माणसांची राहण्याची बिळे वाटली. लिटल वुडबरी इथे 1930 च्या दशकाच्या अखेरीस गेरहार्ड बेर्सू यांनी उत्खनन केले आणि ही धान्याची कोठारे आहेत असे दाखवले, तरी शंका उरलीच, की इंग्लंडच्या ओल्या हवेत जमिनीखाली धान्य टिकेल कसे? 1972 मध्ये पीटर रेनल्ड्स यांनी हॅम्पशर परगण्यात बटसर इथे लोहयुगीन पद्धतीचे शेत उभे केले आणि या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात न शोधता जमिनीत शोधले. खड्डे खणले, धान्य भरले, तोंडे लिंपली आणि हिवाळा सरल्यावर उघडली. भिंतीला टेकलेले थोडे धान्य ओल लागून मोडावते, आतला प्राणवायू संपवते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते; त्या हवेत बाकीचे धान्य जणू झोपी जाते. वसंतात काढलेले बहुतेक धान्य खाण्याजोगे तर होतेच, पेरले तर उगवतही होते. तिथेच लोहयुगीन गोल घरेही बांधली गेली. उत्खननात अशा घराचे उरतात ते खांबांचे खळगे, छप्पर कुणी पाहिलेले नाही. चित्रकार शेंड्याला धुरासाठी भोक काढत आले होते, कारण चूल आहे म्हणजे धूर जायला वाट हवी असे वाटणे साहजिकच. प्रत्यक्ष घर बांधून आत जाळ केल्यावर कळले, की ते भोक धुराड्यासारखी ओढ निर्माण करते आणि ठिणग्या थेट गवती छपरात नेते. भोक नसले तर धूर वर साचतो आणि गवतातून हळूहळू झिरपून जातो.

संग्रहालयातली काचेची पेटी आणि ‘जिवंत इतिहास’ यांची तुलना करताना मला हे भोक महत्त्वाचे वाटते. जिवंत इतिहास म्हणजे जुन्या काळाचे घर, शेत वा कार्यशाळा उभी करून, त्या काळच्या वेशातल्या माणसांकडून तेव्हाची कामे आणि वागणे लोकांसमोर करून दाखवणे. या दोहोंची तुलना बहुधा ‘मृत’ आणि ‘सजीव’ अशा शब्दांत होते. काचेआडची वस्तू मेलेली, तर चुलीपुढे बसून भाकरी थापणारी बाई जिवंत. मग निकाल आधीच लागलेला असतो. मला ही विभागणीच फसवी वाटते. विचारायचा प्रश्न असा, की मांडणी करणाऱ्याने चुकीचे काही सांगितले, तर त्याला ‘नाही’ म्हणणारे त्या मांडणीत काही आहे का? बटसरला जाळ नाही म्हणाला. पेवात हवा नाही म्हणते. जिथे असे नाही म्हणणारे काही असते, तिथे जिवंत इतिहास पाटीच्या फार पुढे जातो. जिथे ते नसते, तिथे तो नाटक होतो. आणि नाटकात वाईट काही नसले, तरी ते नाटक आहे हे प्रेक्षकाला कळायला हवे.

ही पद्धत जन्मली तीच संग्रहालयाला कंटाळून, हे खरे आहे. आर्तुर हाझेलियस यांनी 1873 मध्ये स्टॉकहोममध्ये लोकजीवनाच्या वस्तूंचा संग्रह लोकांसाठी खुला केला. स्वीडनमध्ये कारखाने वाढत होते, खेड्यांतली माणसे जहाजाने अमेरिकेला जात होती, घराघरातले चरखे आणि विणलेली वस्त्रे मोडीत निघत होती. नुसती वस्तू ठेवून भागत नाही असे वाटून हाझेलियस यांनी लोकवेश घातलेले पुतळे उभे केले आणि त्यांचे देखावे रचले. 1878 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ते गाजले. पण पुतळाही त्यांना पुरेना. 11 ऑक्टोबर 1891 रोजी त्यांनी युरगार्डन बेटावर ‘स्कान्सेन’ उघडले: देशभरातून उचलून आणलेली आख्खी घरे, त्यांत माणसे, अंगणात जनावरे. पेटीतली वस्तू, मग पुतळा, मग माणूस असा हा क्रम पाहिला की तो उत्क्रांतीसारखा वाटतो, आणि नेमका तिथेच घोटाळा होतो. कारण पुढच्या पायरीवर गेल्याने मागची पायरी रद्द होत नाही. उलट माणूस जितका जिवंत, तितकी त्याला मागच्या वस्तूची गरज अधिक.

पोलादाचे उदाहरण घेऊ. दक्षिण भारतात मुशींतून काढलेल्या पोलादाच्या वड्या शतकानुशतके पश्चिम आशियात जात, आणि त्यांपासून घडलेल्या पात्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटे. युरोपीय लोक त्याला दमास्कसचे पोलाद म्हणत. ही विद्या हळूहळू लोपली. हेन्री मोझर या स्विस संग्राहकाच्या संग्रहातली काही पाती तपासणीसाठी दिली गेली, आणि 1924 मध्ये त्सोक्के या संशोधकाने त्यांचे रासायनिक पृथक्करण छापले. आजही मोझर यांचा संग्रह बर्नच्या ऐतिहासिक संग्रहालयात आहे. पुढे जॉन व्हर्होवेन हे अमेरिकन धातुशास्त्रज्ञ आणि आल्फ्रेड पेंड्रे हे लोहार एकत्र आले. पेंड्रे भट्टीवर वड्या ओतत आणि घडवत. कधी नक्षी उमटे, कधी काही केल्या उमटत नसे. कृती तीच, हात तोच, मग फरक कशाने? व्हर्होवेन यांनी त्सोक्केच्या पात्यांचे नमुने मिळवून पुन्हा तपासले. 1998 मध्ये त्यांनी मांडलेला निष्कर्ष असा, की धातुकातून आलेला व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश नक्षी घडवतो. तो अंश असलेले धातुक संपले तेव्हा लोहारांच्या हातून विद्याही निसटली असावी, असे त्यांचे अनुमान आहे. 2006 मध्ये ड्रेस्डेनच्या पीटर पाउफ्लर यांच्या गटाने बर्नच्या संग्रहातल्याच एका सतराव्या शतकातल्या पात्यात कार्बनच्या सूक्ष्म नलिका आढळल्याचे जाहीर केले. मोझर पाती जमवत होते तेव्हा हे प्रश्न विचारायची भाषादेखील अस्तित्वात नव्हती.

नुसता लोहार असता, तर भट्टीवर रोज प्रयोग झाले असते, प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या असत्या, पण आपण घडवलेले ‘ते’ पोलाद आहे की त्याच्यासारखे दिसणारे दुसरेच काही, हे ताडून पाहायला काही नसते. नुसती पेटी असती, तर पाते आणि ‘दमास्कस पोलाद, सतरावे शतक’ ही पाटी शंभर वर्षे एकमेकांशेजारी मुकाट राहिली असती. काचेआडच्या वस्तूचे मोठेपण ती बोलते यात नाही, ती पुन्हा पुन्हा विचारता येते यात आहे. प्रात्यक्षिक संध्याकाळी संपते. वस्तू पुढच्या पिढीच्या प्रश्नासाठी तशीच थांबलेली असते.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्त आहे: काचेची पेटी तरी कुठे निष्पाप असते? मुंबईच्या भायखळ्याला 1872 मध्ये सुरू झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, घ्या. तिथे मुंबईतल्या जातीजमातींच्या, त्यांच्या पेहरावांच्या आणि व्यवसायांच्या मातीच्या प्रतिकृती आहेत. माणसांना पागोट्यांनुसार आणि धंद्यांनुसार खणांत बसवण्याची वासाहतिक सवय त्या मांडणीत स्पष्ट दिसते. पेटीही बोलते, आणि मालकाची भाषा बोलते. मान्य. पण पाटी बदलली, संग्रहालयाचे नाव बदलले, तरी त्या प्रतिकृती राहिल्या, आणि आज आपण त्या उलट्या बाजूने वाचू शकतो. मुंबईतल्या माणसांपेक्षा त्यांचे वर्गीकरण करणाऱ्यांबद्दलच त्या आता अधिक सांगतात. आता या पेटीशेजारी त्याच काळातला एक ‘जिवंत’ देखावा ठेवा. 1886 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमध्ये वसाहतींचे आणि भारताचे मोठे प्रदर्शन भरले. पन्नास लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. तिथे एका महालाच्या आवारात 34 भारतीय कारागीर बसून गालिचे विणत होते, मडकी घडवत होते. भारतातल्या खेड्यातला परंपरागत कारागीर म्हणून प्रेक्षक त्यांच्याकडे भारावून पाहत होते. राणी व्हिक्टोरियाने चित्रकाराकरवी त्यांची चित्रे काढून घेतली. प्रत्यक्षात त्यांतले बहुतेक जण आग्र्याच्या तुरुंगातून आणलेले होते, आणि तुरुंगाचे अधीक्षक बरोबर आले होते. विणकाम खरे होते, विणणारे हातही खरे होते. खोटे होते ते त्या हातांभोवतीचे खेडे. चाकावरची माती कुंभाराची चूक दाखवू शकते. तो कुठून आणि कुणाच्या हुकमाने इथे आला, याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. ते आज आपल्याला कळते ते कागदांवरून.

म्हणजे सीमा कुठे आहे ते दिसू लागते. काम जिवंत करता येते, कारण कामात माती, लोखंड, धान्य, जाळ यांचा शब्द अखेरचा असतो. संबंध जिवंत करायला गेले, की अडवणारे कुणी उरत नाही. फ्रान्समध्ये बरगंडीतल्या गेदलों इथे 1997 पासून तेराव्या शतकातल्या हत्यारांनी आणि रीतींनी एक किल्ला बांधला जातो आहे. पॅरिसचे नोत्र दाम चर्च 2019 मध्ये जळाल्यावर त्याचा लाकडी सांगाडा कुऱ्हाडींनी तासून पुन्हा उभा करताना गेदलोंला तयार झालेले सुतार कामी आले. हौशी लोकांचा खेळ म्हणून ज्याची चेष्टा झाली असती, त्याने खरे ज्ञान राखून ठेवले. पण तिथला तेराव्या शतकाचा वेश घातलेला पाथरवट आपल्या सरदाराकडे कोणत्या नजरेने पाहत होता, हे छिन्नी सांगणार नाही.

अमेरिकेतल्या प्लिमथची मांडणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. इंग्रज वसाहतकऱ्यांची 1627 मधली वस्ती तिथे उभी केली आहे. 1947 मध्ये संस्था सुरू झाली तेव्हा तिथेही पुतळे आणि जुने मौल्यवान सामानसुमान होते. जेम्स डीट्झ या पुरातत्त्वज्ञाच्या काळात ते सारे हलवले गेले आणि वेशातली माणसे घरांत राबू लागली. पुढे ही माणसे ‘मी’च्या भाषेत बोलू लागली. तुम्ही विचारा, ती 1627 मध्ये आहोत असे समजून त्या काळच्या बोलीत उत्तर देणार. ऐकायला फार गोड. पण या भाषेत एक वाक्य म्हणताच येत नाही: ‘याबद्दल आमच्याकडे पुरावा नाही.’ साधी पाटी ‘बहुधा’ हा शब्द वापरू शकते. 1627 मधल्या बाईला आपल्याच स्वयंपाकाबद्दल ‘बहुधा’ म्हणण्याची सोय नाही. तिने काहीतरी ठाम सांगायलाच हवे. जवळच वाम्पानोअग या मूळ रहिवाशांची वस्ती मांडलेली आहे. तिथली माणसे पारंपरिक वेशात असतात, होडके कोरतात, स्वयंपाक करतात, पण बोलतात ती आजची मूलनिवासी माणसे म्हणून. सतराव्या शतकातल्या पूर्वजाचे सोंग ती घेत नाहीत. त्यामुळे ती ‘आमच्या लोकांचे पुढे काय झाले’ हेही सांगू शकतात, जे 1627 मध्ये अडकलेल्या माणसाला सांगता येणे शक्य नाही. 2020 मध्ये या संग्रहालयाने आपल्या नावात पटक्सेट हे जागेचे मूळ नाव जोडले. एकाच कुंपणाच्या आत दोन पद्धती. आणि ज्यांना इतिहासाने चिरडले त्यांनी सोंग नाकारावे, हा मला योगायोग वाटत नाही.

व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्गचे प्रकरण याहून अवघड आहे. 1699 ते 1780 या काळात ती व्हर्जिनियाची राजधानी होती. 1926 पासून पाद्री गुडविन यांच्या आग्रहाने जॉन रॉकफेलर धाकटे यांनी ते गाव विकत घेऊन पुन्हा अठराव्या शतकात नेण्याचा घाट घातला. 88 मूळ इमारती सावरल्या, बाकीच्या नव्याने बांधल्या, आणि मधल्या काळातल्या शेकडो पाडून टाकल्या; म्हणजे एका शतकाला जिवंत करण्यासाठी दुसरे शतक मारले. झगे घातलेल्या यजमानीणबाई पाहुण्यांना दिवाणखाने दाखवू लागल्या. सगळे छान, धुतलेले, रंगवलेले. अठराव्या शतकात त्या गावची निम्म्याहून अधिक वस्ती काळ्या माणसांची होती आणि त्यांतले बहुतेक गुलाम होते, ही गोष्ट त्या दिवाणखान्यांत कितीतरी दशके शिरलीच नाही. ती शिरायला 1979 नंतरचा काळ यावा लागला. 10 ऑक्टोबर 1994 रोजी तिथल्या आफ्रिकन अमेरिकन विभागाच्या प्रमुख क्रिस्टी कोलमन यांनी गुलामांच्या लिलावाचे दृश्य भर रस्त्यात सादर केले. स्वतः कोलमन यांनी विकल्या जाणाऱ्या बाईची भूमिका केली. नागरी हक्क संघटनांनी निषेध केला: आमच्या पूर्वजांच्या यातनांचा तमाशा का मांडता? दृश्य संपल्यावर विरोधकांतल्या एका नेत्याने आपले मत बदलल्याचे सांगितले. तरीही असा लिलाव तिथे नेहमीचा कार्यक्रम झाला नाही.

दुसरा आक्षेप इथे येतो, आणि तो पहिल्यापेक्षा जड आहे. पाटी वाचून त्या नेत्याचे मत बदलले असते का? माणसे पुरावा तपासायला संग्रहालयात येत नाहीत. हलून जायला येतात, मुलांना काहीतरी दाखवायला येतात. मग ‘नाही म्हणणारी वस्तू’ हा निकष संशोधकांचे लाड नाही का? मला वाटते, त्या दिवशी प्रेक्षक हलले हे खरे, पण त्यांना हलवणारी गोष्ट नुसता अभिनय नव्हती. गुलामांची खरेदी-विक्री वारसापत्रांत, जाहिरातींत, हिशेबाच्या वह्यांत नोंदलेली आहे. त्या नोंदी मागे होत्या म्हणून दृश्याला वजन आले. आणि दुसरे, ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार तिथे निर्जीव वस्तूऐवजी माणसांकडे होता: दृश्य ठरवणाऱ्या कोलमन यांच्याकडे आणि रस्त्यात उभ्या निषेधकांकडेही. 1886 च्या आग्र्याच्या कैद्यांकडे तो नव्हता. संबंध दाखवायचे असतील, तर लोखंडाची आणि जाळाची जागा या अधिकाराला घ्यावी लागते. तो नसेल तर कितीही अचूक शिवलेला वेश निरुपयोगी.

महाराष्ट्रात हा प्रश्न अजून अंगावर आलेला नाही, कारण आपल्याकडे वस्तू आणि देखावे आहेत, पण माणूस पूर्णपणे उभा केलेला नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्ते, वज्री, दिवे, कुंकवाचे करंडे, कुलपे अशा घरगुती वस्तू आहेत. कोथरूडहून हलवून पुन्हा रचलेला मस्तानी महालही आहे, जो स्कान्सेनच्या घरांचाच एक भाऊबंद. वज्रीकडे पाहताना पाय कुणाचे आणि घासणारे हात कुणाचे हे कळत नाही, ही पेटीची मर्यादा. कोल्हापूरजवळ कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात मात्र माणसांच्या आकाराच्या पुतळ्यांनी आख्खे स्वयंपूर्ण गाव उभे केले आहे: सुतार, लोहार, कुंभार, बारा बलुतेदार आणि अठरा अलुतेदार आपापल्या जागी. हाझेलियस यांच्या क्रमात आपण नेमके इथे, पुतळ्याच्या पायरीवर आहोत. पुढची पायरी ओघाने येईलच. सुताराच्या पुतळ्याऐवजी सुतार येईल आणि ते चांगलेच होईल. नांगर बनवताना वाकस त्याला चुकू देणार नाही. पण बलुते हे काम कमी आणि संबंध जास्त होता. सुगीत खळ्यावर धान्य कुणाला आधी, कुणाला नंतर, कुणाला किती, थोरली, मधली, धाकटी अशा ओळी, आणि त्यावरून चालणारी वर्षानुवर्षांची भांडणे त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गावगाड्या’त बारकाईने टिपली आहेत. डॉ. आंबेडकरांना हेच गाव अज्ञानाची आणि संकुचितपणाची गुहा वाटले, आणि दया पवारांनी 1978 मध्ये आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले ते उगाच नव्हे. महाराचे वतन कायद्याने 1958 मध्ये रद्द झाले. खळ्यावर हसतमुखाने सूप धरलेला पुतळा यातले काही नाकारत नाही आणि काही सांगतही नाही. पुतळ्याला कुणी उलट प्रश्न विचारत नाही म्हणून ते चालून जाते.

उद्या त्या खळ्यावर खरा माणूस उभा राहिला, तर शाळेच्या सहलीतले एखादे पोर विचारेलच, की तुम्ही एवढे लांब का उभे आहात? गावचा निरोप्या, वेसकर म्हणून ज्याच्या हाती घुंगुरकाठी आहे, त्याने कोणत्या भाषेत उत्तर द्यायचे? ‘मी’च्या भाषेत बोलला, तर त्या काळचा महार परक्या पोरांसमोर जे बोलला असता तेच त्याला बोलावे लागेल, म्हणजे फार काही नाही. काठी काचेआड ठेवायची की हातात द्यायची हे नंतर पाहता येईल. ती हातात घेणारा माणूस पूर्वज होऊन उभा राहणार, की त्या पूर्वजाचा नातू म्हणून आजच्या मराठीत बोलणार, आणि हे ठरवताना त्याला कुणी विचारणार की नाही, एवढे त्याच्या अंगावर घोंगडी चढवण्याआधी ठरायला हवे.